मधल्या खांबाचं ठिगळ

इमारतीतली निम्मी माणसं त्यांना मामा म्हणत आणि उरलेली निम्मी बद्दमामा. दुसऱ्या नावाचा त्यांना राग येत असेल असं नव्या माणसाला वाटे, पण तसं काही नव्हतं. उलट कुणी नुसतं 'मामा' म्हटलं तर त्यांना काहीतरी उणं राहिल्यासारखं वाटायचं. चीर गेलेलं मडकं वाजवलं की जसा आवाज येतो, तसाच आवाज आतून सुटलेल्या काँक्रीटचा येतो, आणि मामांनी उभा जन्म तो आवाज शोधण्यात घालवला होता. हातात छोटी हातोडी, कान खांबाला, डोळे मिटलेले. टण्, टण्, टण्, आणि मग एकदम "बद्द!" हे ते असं ओरडत की वाटावं, जमिनीत पुरलेला मोहरांचा हंडाच लागला. ज्याचा खांब असे त्याचं तोंड उतरे आणि मामांचं उजळे.

तरुणपणी ते साधे गिलावा करणारे होते. एकदा एका गोदामात सकाळी केलेला गिलावा संध्याकाळी अख्खाच्या अख्खा अंगावर आला, तेव्हा त्याच्या मागे काय आहे ते बघायला ते वाकले, आणि जे वाकले ते आजतागायत तसेच वाकलेले होते. मागे फुटका खांब होता. फुटक्या खांबाच्या आत गंजलेल्या सळया होत्या. मामांना गंजाचं वेड लागलं. "सळई गंजली की फुगते," ते भेटेल त्याला सांगत, "आणि फुगली की जेवणानंतर शर्टाचं बटण उडावं तसं अंगावरचं काँक्रीट उडवून देते. तुमचं बटण उडालं तर तुम्ही बटण लावाल की पोट कमी कराल?" समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत मामांची हातोडी त्याच्या दाराच्या चौकटीवर चालू झालेली असे.

सासरी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा बोलता बोलता त्यांनी स्वयंपाकघराची भिंत वाजवली आणि सासऱ्यांना म्हणाले, "सुटलाय."

सासरे म्हणाले, "गिलावा की जावई?"

मामी तेव्हा आतून फिसकन हसल्या होत्या, आणि मामांच्या मते तिथेच संसाराचा पाया भरीव लागला. मामी कपड्यांची दुरुस्ती करत. दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी त्यांचं शिवणयंत्र होतं. लोक त्यांच्याकडे फाटक्या पँटी, उसवलेले कोट, पोट सुटल्यावर न बसणारे झगे घेऊन येत. एकाच घरात एक माणूस खांबाला ठिगळं लावतो आणि एक पँटला, याची गंमत सगळ्या इमारतीला होती. फरक एवढाच, की मामींची गिऱ्हाइकं काम झाल्यावर आरशात बघून खूश होत, आणि मामांचं काम चांगलं झालं तर ते कुणाला दिसतच नसे.

आता गोष्ट अशी, की जगाचे खांब वाजवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या इमारतीचे खांब बद्द वाजत होते. तळमजल्यावर नुसते खांब आणि गाड्या, वर चार मजले माणसं. मामांनी हे सगळ्यांना सांगून पाहिलं होतं. जिन्यात सांगितलं, सभेत सांगितलं. पण पिकतं तिथे विकत नाही. "बद्दमामांना काय, आपलं डोकं वाजवलं तरी बद्दच म्हणतील," असं तिकीटकाका म्हणाले आणि सभा हसून चहाला उठली.

तिकीटकाका म्हणजे इमारतीचे अध्यक्ष. नोकरीभर गाडीत तिकिटं तपासली आणि निवृत्त झाल्यावर उरलेलं सगळं तपासायला घेतलं. दुधाच्या पिशवीवरची तारीख, पोस्टमनची सही, पाहुण्यांचे बूट. जगात प्रत्येक जण विनातिकीट आहे आणि आपण त्याला अजून पकडलेलं नाही एवढंच, अशी त्यांची नजर.

मामांच्या सांगण्याने जे झालं नाही ते काँक्रीटच्या एका ढपल्याने केलं. मधल्या खांबाचा ढपला सुटला आणि थेट तिकीटकाकांच्या स्कूटरच्या सीटवर बसला. नशीब, काका अजून त्यावर बसायचे होते. दुसऱ्या दिवशी इंजिनीअरबाई आल्या.

बाई वयाने लहान, बोलायला सरळ. त्यांनी सगळे खांब तपासले, मामांनीही त्यांच्या मागे मागे तपासले, आणि दोघांचं एकमत झालं याचा मामांना इतका आनंद झाला की बाईंना हळूच सांगावं लागलं, "मामा, बातमी वाईट आहे. जरा कमी हसा."

मग त्यांनी जमलेल्या सगळ्यांना स्वच्छ सांगितलं. "मधला खांब सगळ्यात वाईट. तुळयांखाली टेकू लावा आणि आधी तो एकच दुरुस्त करा. ठिगळ पक्कं झालं की मी त्यावर लोखंडी चकत्या चिकटवून ते ओढून बघणार. जुन्या काँक्रीटने नवं धरून ठेवलं असेल, तर तुम्ही वर राहा, बाकीचे खांब एकेक करून घेऊ. धरलं नसेल, तर घरं रिकामी करायची. परत कधी यायला मिळेल ते मला विचारू नका, मला माहीत नाही."

मामींनी वर आपल्या खिडकीच्या दिशेने बघितलं. पंचवीस वर्षं त्या एका उजेडात त्यांनी सुईत दोरा ओवला होता.

काम कुणी करायचं यावर सभा बसली. तिकीटकाकांना बाहेरची मोठी कंपनी हवी होती. कंपनीचा माणूस म्हणाला, दोन महिन्यांनी येतो. इंजिनीअरबाई म्हणाल्या, दोन महिने खांब थांबेल याची मी खात्री देत नाही. मग सगळ्यांच्या माना वळल्या. मामा आधीच उभे होते. खरं तर सभा सुरू झाल्यापासून ते बसलेच नव्हते.

"ठिगळ लावायचंय, मामा," तिकीटकाका म्हणाले. "आभाळच फाटलंय. कुठे कुठे लावणार?"

"आभाळाचं तुम्ही बघा," मामा म्हणाले, "खांबाचं मी बघतो."

कामाच्या सकाळी मामांचा चेहरा परीक्षेत सगळे प्रश्न आलेल्या पोरासारखा झाला होता. टेकू आदल्या दिवशीच इंजिनीअरबाईंनी स्वतः ठोकून बघितले होते आणि त्या दुपारी परत यायच्या होत्या. मदतीला मामींचा धाकटा भाऊ, म्हणजे मामांचा मेहुणा. माल कालवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बोलण्यातही नव्हता, हीच अडचण होती.

छिन्नी चालली. सुटलेलं सगळं काढलं, अगदी सळईच्या मागे बोटं जातील इतकं. ठिगळाच्या कडा मामांनी सरळ कापल्या, कारण पातळ निमुळती कड सगळ्यात आधी उचलते. सळया तारेच्या ब्रशने अशा घासल्या की नव्या वाटाव्यात, मग त्यांना गंजाविरुद्धचा रंग दिला. तो वाळल्यावर खांबाला भरपूर पाणी पाजलं आणि वरचं पाणी फडक्याने टिपून घेतलं.

"आंघोळ झालेला, पण अंग पुसलेला," मामा जमलेल्या प्रेक्षकांना सांगत होते. हो, प्रेक्षक. जिन्याच्या पायऱ्यांवर अख्खी इमारत बसली होती. चौथ्या मजल्यावरच्या आजी खुर्ची घेऊन आल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरचे न्हावी दुकान बंद ठेवून आले होते. आयुष्यभर मामांनी बंद गोदामांत, अंधाऱ्या तळघरांत काम केलेलं. कुणी कधी बघितलं नव्हतं. आणि आज टाळ्या वाजवायला तयार अशी चाळीसेक माणसं! मामांच्या अंगात कुणीतरी संचारल्यासारखं झालं.

"आता हा चिकटाचा हात!" त्यांनी ब्रश उंच धरला. "जुनं आणि नवं यांची सोयरीक हाच जुळवतो. हा ओला असतानाच वर माल बसला पाहिजे. बोटाला लागला पाहिजे! वाळला की सोयरीक मोडली!"

एवढं सगळं स्वतःच्या तोंडाने सांगून मामांनी काय करावं? शहाण्या माणसाने एक बाजू माखली असती, त्यावर माल भरला असता, मग दुसरी बाजू घेतली असती. तीस वर्षं ते तसंच करत आले होते. पण पहिल्या बाजूवर ब्रश फिरला तसे न्हावी म्हणाले, "वा!" दुसऱ्या बाजूवर आजींनी मान डोलावली. मामांचा ब्रश थांबेना. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. खांबाभोवती गोल फिरत त्यांनी चारी बाजू वरपासून खालपर्यंत माखल्या, शेवटचा फटका मारून हात पसरला आणि ललकारी दिली, "माल!"

माल आला नाही.

"माल!"

जिन्यावरची माणसं मागे बघायला लागली. माल कालवायची जागा फाटकापाशी होती. तिथे मेहुणा उभा होता, आणि त्याच्यासमोर, एका हातात चष्मा नि दुसऱ्या हातात मालाच्या पोत्याचं टोक धरून, तिकीटकाका उभे होते.

"ही तारीख बनवल्याची का संपल्याची?"

"काका, बनवल्याची."

"मग संपल्याची कुठाय?"

"खाली असेल. सोडा की, मामा बोंबलतायत."

"बोंबलू दे. सगळी पोती दाखव."

मेहुण्याने ओढून पोतं सोडवायला हवं होतं. पण त्याला वाद घालायची फार हौस. तारीख बनवल्याची आधी लिहावी की संपल्याची, यावर दोघांची अशी जुंपली की मामा स्वतः धावत आले, पोतं हिसकलं, पाणी मोजून ओतलं, माल कालवून घमेलं उचललं आणि खांबाशी परतले. त्यात वारं सुटलं होतं. तळमजल्यातून आरपार.

मामांनी पहिला गोळा हातात घेतला. आणि हात हवेतच राहिला.

मामी शेजारी येऊन उभ्या होत्या. त्यांनी खांबाला बोट लावलं, मग ते बोट मामांसमोर धरलं. बोट कोरडं. मामांनी दुसरी बाजू बघितली. कोरडी. तिसरी. चौथीला अगदी कोपऱ्यात जरा ओल होती, ती त्यांच्या नशिबाला हसत होती.

"काय झालं?" जिन्यावरून कुणीतरी विचारलं.

"काही नाही!" मामा म्हणाले.

इंजिनीअरबाई दुपारी येणार होत्या. मेहुणा फाटकाशी. जमलेल्या चाळीस माणसांत हे कळणारी माणसं दोन, आणि त्यातल्या एकीशी त्यांचं लग्न झालेलं. माल भरून टाकला तर वरून काही दिसणार नव्हतं. कदाचित धरेलही. वाळलेल्यावर जरा ओला ब्रश फिरवला तर?

"धरेल का हो?" मामींनी हळू विचारलं.

मामांनी तोंड उघडलं. धरेल, असं म्हणणार होते. ओठांपर्यंत आलं होतं. सकाळी खाली उतरताना त्यांनी खिडकीत मामींच्या यंत्रावर पिवळ्या रंगाचं काहीतरी लटकताना बघितलं होतं, कुणाचा तरी अर्धा शिवलेला झगा. त्या खिडकीचं सगळं वजन याच खांबावर उतरत होतं.

"नाही धरणार," ते म्हणाले. मग जिन्याकडे वळून मोठ्याने, "मंडळी, मी गाढवपणा केलाय! चिकट वाळलाय. सगळा खरवडायचा!"

हात दाखवून अवलक्षण ते यालाच म्हणतात. जिन्यावर कुजबुज झाली. तिकीटकाका फाटकापासून तरातरा आले. "मी म्हटलंच होतं! बाहेरची कंपनी..."

"काका," न्हावी म्हणाले, "तो वाळला तेव्हा माल कुठे होता?"

"फाटकापाशी."

"का होता?"

तिकीटकाकांचा हात आपोआप खिशाकडे गेला. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं तिकीट मागितलं होतं.

"अर्धा गाढवपणा माझा," शेवटी ते म्हणाले. "तारेचा ब्रश आणखी आहे का?"

"आहे," मामा म्हणाले. "पण शर्ट काढून ठेवा. वहिनी मला मारतील."

आणि मग जे सुरू झालं त्याला काम म्हणायचं की जत्रा, हे त्या दिवशी कुणालाच ठरवता आलं नाही. खांबाच्या चार बाजूंना चार माणसं भिडली. तिकीटकाका बनियनवर, जीभ बाहेर काढून, जणू खांबावर कुणीतरी खोटी तारीख छापली होती आणि ती त्यांना पुसायची होती. धुळीने सगळे पांढरे झाले. आजी खुर्चीवरून सूचना देत होत्या, "तिथे राहिलं! अरे वर, तुझ्या नाकासमोर!" खरवडून झालं, झटकून झालं, पुन्हा पाणी, पुन्हा फडकं. मामांनी डब्यातलं उरलेलं द्रावण हलवून बघितलं. पुरेल, पण सांडायला जागा नाही.

"आता एक एक बाजू. आणि माल माझ्या हाताशी पाहिजे, मी मागायच्या आधी!"

फाटकापासून खांबापर्यंत माणसांची रांग लागली. तिथे मेहुणा कालवतोय, घमेलं हातोहात सरकतंय, आणि रिकामं घमेलं दुसऱ्या बाजूने परत. "माल!" असं मामा म्हणाले की शब्द रांगेतून पळत फाटकापर्यंत जायचा आणि माल पळत परत यायचा. मामा चिकटाचा हात मारत आणि लगेच गोळा घेऊन मुठीने दाबत. सळईच्या मागे, कोपऱ्यात, थर देऊन, पुन्हा दाबून. मध्येच बोट लावून ओरडत, "लागतंय!" आणि अख्खी रांग ओरडे, "लागतंय!" कशाला काय लागतंय हे निम्म्यांना माहीत नव्हतं, पण ओरडायला मजा येत होती.

दुपारी इंजिनीअरबाई आल्या तेव्हा शेवटच्या बाजूवर थापी फिरत होती. त्यांनी बनियनमधले अध्यक्ष बघितले, पिठात लोळल्यासारखी माणसं बघितली.

"काय झालं इथे?"

"वाळला होता," मामांनी लगेच सांगून टाकलं. "खरवडला. पुन्हा लावला. आता ठीक असावा."

"असावा?"

"ओढल्याशिवाय मी नाही बोलणार, बाई. सकाळी फार बोललो."

खांबाला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि ते वाळू द्यायचं नाही असं ठरलं. पाणी मारायच्या पाळ्यांवरून घराघरांत भांडणं झाली. आपली पाळी कमी आली म्हणून न्हावी रुसले. कामावर जाताना लोक गोणपाट चाचपून जात, जसं आजाऱ्याच्या कपाळाला हात लावून जातात. आणि रोज कुणीतरी मामांना विचारी, "काय वाटतं?" मामा हात हलवत. ज्या माणसाने आयुष्यभर परक्यांच्या दारात हातोडी चालवली, त्याने त्या सगळ्या दिवसांत त्या खांबाला एकदाही वाजवलं नाही. "धीर होत नाही," त्यांनी मामींना सांगितलं. मामींनी त्यांच्याकडे ओवायला सुई दिली. तेवढंच हाताला काम.

अखेर बाईंनी ठिगळात तीन ठिकाणी गोल खाचा पाडल्या, थेट जुन्या काँक्रीटमध्ये उतरतील अशा. मधल्या गोलांवर लोखंडी चकत्या चिकटवल्या, आणि चिकट पक्का झाल्यावर ओढायचं यंत्र घेऊन आल्या. जिना पुन्हा भरला. यावेळी वा म्हणायला कुणी आलं नव्हतं. दोन घरांनी तर भांडीही बांधून ठेवली होती.

यंत्र पहिल्या चकतीला अडकलं. बाई दांडी फिरवू लागल्या. काटा चढत गेला. मामांचे दोन्ही हात डोक्यावर.

काटा एका खुणेजवळ आला. पुढे गेला. आणखी पुढे.

फाड्!

चकती तुकड्यासकट यंत्राच्या हातात आली. जिन्यावर हाय हाय झालं. आजींनी डोळे मिटले. "तुटलं," तिकीटकाका पुटपुटले. "गेलं सगळं. तुटलं हो." ते मटकन पायरीवर बसले.

मामांनी मात्र यंत्रावर झडप घातली होती. चकती उलटी करून त्यांनी डोळ्यांशी नेली. बाईंनी मान पुढे केली. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली आणि दोघांनाही त्याची शुद्ध नव्हती.

"खडी!" मामा किंचाळले. "बाई, खडी दिसतेय! जुनी खडी!"

"जुन्यातच तुटलंय," बाई म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज चढला होता. "आणि आकडा हवा त्याच्या बराच वर!"

"तुटलं ना पण?" तिकीटकाका.

"अहो, कुठे तुटलं ते बघा!" मामा चकती घेऊन जिना चढत सुटले, प्रत्येकाच्या नाकाखाली धरत. "हे नवं. ही सोयरीक. आणि हे बघा, हे जुनं, ओढल्यावर आतनं उखडून आलंय, पण नव्याला सोडलं नाही! सांधा जिवंत आहे! सांध्यात तुटतं तर गेलो होतो. जुनं तुटलं, सांधा नाही तुटला!"

हे पहिल्या मजल्याला समजायला जरा वेळ लागला, दुसऱ्याला कमी. चौथ्या मजल्यापर्यंत बातमी पोचली तेव्हा वरून कुणीतरी विचारलं, "म्हणजे तुटलं हे चांगलं?" आणि अख्खा जिना ओरडला, "हो!"

दुसऱ्या चकतीला बाई दांडी फिरवू लागल्या तेव्हा सगळी माणसं खांबाभोवती आली होती आणि एका सुरात म्हणत होती, "तूट! तूट! तूट!" रस्त्यावरून जाणारे थांबले. लोक आपल्याच इमारतीचा खांब तुटावा म्हणून ओरडतायत, याचा त्यांना काही उलगडा होईना. फाड्! खडी! न्हाव्यांनी मेहुण्याला उचललं. तिसरी तर तिकीटकाकांनी स्वतः तपासली, चष्मा लावून, उजेडात धरून, उलटीसुलटी करून. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "जाऊ द्या यांना."

भांडी बांधलेली दोन्ही घरं पळत वर गेली. थोड्याच वेळात जिन्यातून पातेली सुटल्याचा खणखणाट यायला लागला. बाई मामांना बाकीच्या खांबांचं सांगत होत्या, आधी कोणता, टेकू कुठे, आणि मामा हो हो म्हणत होते, पण त्यांचं लक्ष ठिगळात पडलेल्या तीन गोल भोकांकडे होतं. आपल्या ताज्या कामाला पडलेली भोकं!

"ही बुजवायला लागतील," ते म्हणाले.

"सकाळी बुजवा," बाई म्हणाल्या.

"सकाळी कशाला?" मामांनी बाह्या वर केल्या. मेहुणा पाणी आणायला पळाला. मामी खाली आल्या, त्यांनी नवऱ्याच्या कपाळावरचं टेंगूळ बघितलं, पदर ओला करून त्यावर धरला आणि म्हणाल्या, "आधी जरा उभे राहा. तुम्हाला पण पुसून घेऊ द्या."